येऊन राहिलो

वरूड, जि. अमरावती
ता. ६ ऑक्टोबर

ती. आक्कास,
धनाजीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नको, कोण मेलेलं नाही. खिशात फोन असताना धन्या पत्र का लिहितोय असं वाटेल, तर त्याचं कारण आपली आई. मी फोन केला की ती स्पीकर लावते आणि अख्खी गल्ली ऐकायला बसते. मागल्या खेपेला मी नुसता शिंकलो, तर दिवस मावळायच्या आत मामाकडं बातमी पोचली की जावयाला वऱ्हाडातलं पाणी बाधलं. म्हणून हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर घातलंय. पोरांची खिचडी शिजता शिजता वाच आणि जाळून टाक.

मामाची अट तुला माहीतच आहे. लग्न झाल्यापासून मी सहा कामं धरली आणि सहाही सोडली. मामा आपला सख्खा, पण सासरा झाल्यापासून सख्खेपणा जरा आटलाय. हे सातवं काम सोडलं तर स्वप्नालीला तो घरी घेऊन जाणार, आणि मला बायको पाहिजे असली तर घरजावई होऊन त्याची पोल्ट्री सांभाळायची. आक्का, मी विहीर खणीन, ऊस तोडीन, पण कोंबड्या नकोत. आत पाऊल टाकलं की सगळ्या एकदम मान वाकडी करून बघतात. मामाच बघतोय असं वाटतं.

तर हितलं काम बरं आहे. आपल्याकडं द्राक्षं भरायचो तसं हितं संत्री भरायची. मालक नत्थुजी म्हणून आहेत, त्यांचीच बाग, त्यांचंच शेड, आणि आमची खोली त्यांच्याच घराला लागून. माणसं चांगली, पण बोलली की भांडण काढल्यागत वाटतं. पहिल्या दिवशी ते मला काहून उभा हायेस बे असं म्हणाले, तर मी पिशवी भरायला निघालो होतो. नंतर कळलं की ते मला बस म्हणत होते.

बोलण्याचाच लई घोळ आहे. नत्थुजींनी सांगितलं की माल आणायचाय, मागनं बंडी घेऊन ये. मी मागं गेलो, तारेवर त्यांची धुतलेली बंडी वाळत होती, ती घडी घालून आणून दिली. ते एकदा बंडीकडं बघतात, एकदा माझ्याकडं. हितं बैलगाडीला बंडी म्हणतात, आक्का. आता त्या खिशांच्या बंडीत संत्री भरू का असं सगळं शेड मला विचारतं. स्वप्नालीची तीच तऱ्हा. मालकीणबाईंनी गंज मागितला, तर हिनं फुगून सांगितलं की आमची भांडी नवी आहेत, गंज बिंज काही चढलेला नाही. गंज म्हणजे पातेलं निघालं.

पण मी टिकणार. स्वप्नालीनं गाडीत बसताना सगळ्यांदेखत सांगितलं होतं की ह्या वेळी हे टिकतील. तेवढ्यासाठी तरी टिकलं पाहिजे. दाजींना नमस्कार. माया आहेच, ती पोस्टानं थोडी थोडी पाठवत जा.

तुझा भाऊ,
धनाजी


बोरगाव, ता. तासगाव
ता. १३ ऑक्टोबर

चि. धनाजीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र जाळलं नाही. दोनदा वाचलं, आणि बंडीचं तेवढं दाजींना वाचून दाखवलं. ते जेवता जेवता ठसकले.

हिकडची खबर अशी, की मामानं पोल्ट्रीतली पोत्यांची खोली रिकामी केली. बाज टाकली, बल्ब लावला, खुंटी मारली. खुंटी कशाला असं आईनं विचारलं, तर म्हणाला की जावयाची पँट अडकवायला. दिवाळीला धन्या येतोय तो कायमचा, असं तो पारावर सांगत फिरतोय. मला राग आला, पण तोंड कुठल्या आधारावर उघडू? तुझी सहा कामं गावाला पाठ आहेत. रंगाच्या कारखान्यातलं काम तू वास येतो म्हणून सोडलंस. रंगाला वास येणार नाही तर काय येणार, रे?

माझं एक ऐक. तू काम सोडतोस ते कामाला कंटाळून नाही, मालकाला उलटं बोलून. तेव्हा तोंड मिटून ठेव. मालक काय म्हणेल त्याला हो म्हण. कळलं तरी हो म्हण, नाही कळलं तरी हो म्हण. मालकीणबाईशी स्वप्नालीलाही तसंच वागायला सांग. परक्या मुलखात हो म्हणणाऱ्याचं कुणी वाकडं करत नाही.

स्वप्नालीला भडंग आवडतं म्हणून वेगळं पार्सल केलंय. तू त्यात हात घालू नको. आहे तसाच लोभ दोघांनी मिळून वाटून घ्यावा.

तुझी,
शालनआक्का


वरूड
ता. २० ऑक्टोबर

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि वाटोळं झालं. पोल्ट्रीतली खुंटी पक्की बसलीय का तेवढं बघून ठेव, मी येतोय.

काय झालं ते सांगतो. परवाच्या बुधवारी नत्थुजी शेडात आले आणि म्हणाले की दिवाळी आली म्हणून घराले रंग देऊन राहिलो, अन् उद्या आमी समदे तुमच्याकडं येऊन राहिलो. हे असंच म्हणाले, शब्द न् शब्द. घराला रंग, म्हणून सगळे आमच्याकडं येऊन राहणार! खोली केवढी, तर मी आडवा झालो की पाय दाराला लागतात. पण तू बजावलेलं, हो म्हण. म्हणालो हो. वरनं, या की, तुमचंच घर आहे, असंही म्हणालो. ते माझ्या तोंडातनं कसं गेलं देवाला ठाऊक.

मग आमची धावाधाव. शेडातल्या पोरांकडनं गाद्या मागितल्या, शेजारनं चादरी आणल्या. स्वप्नालीनं आमचा सगळा संसार उचलून मोरीत रचला. दुसऱ्या दिवशी दिवे लागायला सगळे आले. नत्थुजी, रुख्मिणीबाई, त्यांचा मुलगा पियुष, सून प्राजक्ता, आणि नत्थुजींची म्हातारी आत्या तानुबाई. येताना सामान काही नाही. मी म्हटलं, श्रीमंत माणसं, सामान मागनं बंडीनं येईल.

चहा झाला. गाद्यांकडं बघून ती एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. मला वाटलं गाद्या पातळ वाटल्या. स्वप्नालीनं आग्रह केला, आता कुठं जाताय, झोपा. झोपली. सकाळी मालक घराकडं निघाले तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं की संध्याकाळी येताय न्हवं. ते जरा थांबले आणि हो म्हणाले. तेव्हापासून रोज येतात.

आक्का, त्यांच्या घराचा रंग वाळला. मी स्वतः भिंतीला बोट लावून बघितलं. तरी जाईनात. बायका आत, बाप्ये दाराकडं, मी उंबऱ्यात. तानुबाई घोरत नाही, पण झोपेत कुणाला तरी उसनी विळी परत मागते. मालकाला जावा कसं म्हणायचं? म्हणालो तर काम गेलं, नाही म्हणालो तर मी गेलो. तेव्हा दिवाळीला निघायचं असं मी ठरवलं. स्वप्नालीला सांगितलं. ती रुख्मिणीबाईंच्या संगं शेडात माल निवडायला जायला लागलीय, तिकडंच निघून गेली.

मामाला आत्ताच सांगू नको. त्याला तेवढाच आनंद उशिरा मिळू दे. प्रेम कमी झालं तरी चालेल, शिव्या कमी घाल.

तुझा,
धनाजी


वरूड
ता. २१ ऑक्टोबर

सौ. शालनताई यांसी,
वरूडहून नत्थुजीचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुमची माही वळख नाई. पत्ता तुमच्या पाकिटावरून घेतला, कारण पोस्टमन ते पाकीट माह्याच हाती देऊन गेला होता. फोडलं नाई, तानुबाईची शपथ. म्या हे पत्र शेडात एका कोपऱ्यात बसून लिहून राहिलो, तुमच्या भावाले सांगजा नका.

तुमचा भाऊ चांगलं काम करून राहिला. तुमची भावजय तं त्याच्याहून हुशार. आमच्या मंडळीसोबत संत्रा निवडून राहिली, अन् नुसता हात लावला का फळ आतून कसं हाये ते सांगते. त्याईच्याबद्दल तक्रार नाई. तक्रार माह्या कमरेची हाये.

गोठ अशी झाली, का आमाले वाटलं लेकरं घरापासून दूर हायेत, एखाद्या दिवशी त्याईच्या खोलीत समद्याईनं जाऊन चाय घ्यावा. घराले रंग देऊन राहिलो, आपल्या घरी तं बोलावता येत नाई. म्हणून म्या सांगतलं का उद्या आमी येऊन राहिलो. गेलो तं काय, खोलीभर गाद्या! चाय पेलो अन् उठाले लागलो, तं तुमची भावजय म्हणे आता कुठी जाता, झोपा. म्या मंडळीकडं पाह्यलं, मंडळीनं माह्याकडं पाह्यलं. वाटलं का सांगलीकडं अशीच रीत असन, चाय पेला का मुक्काम करा लागते. उठून गेलो तं लेकरं दुखावतीन. झोपलो बापा. सकाळी निंगालो तं तुमचा भाऊ ईचारते, संध्याकाळी येता ना. एवढ्या पिरमानं ईचारल्यावर माणूस नाई कसा म्हणन?

तवापासून रोज जाऊन राहिलो. माहं घर भिताडाले भिताड लागून हाये, पलंग रिकामे पडले, अन् आमी पाच जन इथं मेथीच्या जुडीवानी. पियुष मायवर चिडून राहिला, सून पियुषवर चिडून राहिली. तानुबाईले मात्र लय करमून राहिलं.

तं ताई, ईचाराचं एवढंच, का तुमच्या इकडं पाहुण्याले कधी सोडतेत? काही ईधी असन, नारळ-गिरळ द्या लागत असन, तं सांगजा. देऊन मोकया होतो. लेकराईचं मन मोडलं नाई पायजे, एवढं पाहाजा.

लोभ हायेच, जागा मात्र कमी पडून राहिली.

आपला,
नत्थुजी


बोरगाव
ता. २७ ऑक्टोबर

चि. धनाजीस,
अ. उ. आ.

गाढवा, पिशवी भरली असशील तर रिकामी कर.

तुझ्या मालकांचं मला पत्र आलंय. तुझं आणि त्यांचं एकाच दिवशी आलं. आधी तुझं वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांचं वाचलं आणि पुन्हा पाणी आलं, ते वेगळं. खिचडी करपली, हेडमास्तर बघायला आले, त्यांना कारण काय सांगू?

नीट वाच. तुझे मालक लिहितात की मी पत्र लिहून राहिलो. तू काम करून राहिला. बायको संत्रा निवडून राहिली. मुलगा चिडून राहिला. मी म्हटलं, हा माणूस आणि ह्याची माणसं एकाच वेळी किती ठिकाणी राहतात! मग डोक्यात उजेड पडला. त्यांचं राहणं म्हणजे राहणं नव्हे, रे. लिहून राहिलो म्हणजे लिहितोय. चिडून राहिला म्हणजे चिडलाय. आणि येऊन राहिलो म्हणजे नुसतं येतोय! चहाला येतोय! तुम्ही गाद्या घातल्या म्हणून ती बिचारी झोपली. पाहुण्यांना तुमच्याकडं कधी सोडतात, असं त्यांनी मला विचारलंय.

फोनच करणार होते. पण मामा दिवसभर आमच्या सोप्यात बसून आहे आणि त्याचे कान तुला माहीत आहेत. जावई मालकाच्या अख्ख्या घराला घेऊन झोपतो हे त्याला कळलं असतं तर पारावर वर्षभर पुरलं असतं. तुझ्या मालकांना वेगळं पत्र टाकलंय, की नारळ लागत नाही, फक्त उठायचं आणि आपल्या घरी जायचं.

हो म्हण असं मीच सांगितलं होतं, ते माझंही चुकलं. आता पळून यायला तुला काय कारण उरलं, ते सांग. उरलं असेल तर ते मालकाचं नाही, तुझं आहे.

माझ्या आशीर्वादावर तू रेललास तरी चालेल, झोपू मात्र नको.

तुझी,
आक्का


वरूड
ता. ५ नोव्हेंबर

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऐन लक्ष्मीपूजनाला हातात पडलं. वाचून मी संत्र्यांच्या ढिगावर बसलो, त्याबद्दल शिव्या वेगळ्या खाल्ल्या. आता हे मालकाला कोणत्या तोंडानं सांगायचं म्हणून शेडाला वळसा घालत होतो, तर पलीकडनं नत्थुजी तसाच वळसा घालत आले. त्यांच्याही हातात तुझं पत्र. आम्ही दोघं समोरासमोर उभे, आणि आधी हसायचं कुणी तेच ठरेना. शेवटी ते म्हणाले की म्या तं समजलो सांगलीचे लोक बम पिरमाचे. मी म्हणालो की मला वाटलं वऱ्हाडातले मालक नोकराच्या खोलीतच राहतात. मग रुख्मिणीबाईंना सांगितलं, त्या पदर तोंडात घालून हसल्या. प्राजक्ता हसली नाही, तिनं आधी गादी उचलली आणि घरी नेली.

तानुबाई तेवढी अडून बसली. तिला समजावलं की हा सगळा चुकीनं झालेला मुक्काम होता. ती म्हणाली की चूक तुमची, मले कायले उठवता. तिला आणखी दोन दिवस ठेवून घेतली, मग फराळाचं ताट दाखवत दाखवत पलीकडं नेली.

आता खोली मोकळी आहे. पाय दाराला लागतात, पण माझेच लागतात.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर देतो. पळायला कारण उरलं नाही, तरी पाय वळवळतायत. हितनं कोलकात्याला संत्री जातात. ट्रकवाल्या ड्रायव्हरला संगं एक माणूस पाहिजे. मोठा रस्ता, रोज नवं गाव, नवं जेवण. माझ्या डोळ्यांपुढनं ते हलेना. रात्री जेवताना स्वप्नालीला भीत भीत सांगितलं. मला वाटलं ताट फेकेल. तिनं शांतपणे ठेचा वाढून घेतला आणि म्हणाली की जावा. मी विचारलं, आणि तू? ती म्हणाली, मी हितंच. नत्थुजींनी तिला माल निवडणाऱ्या सगळ्या बायांवर नेमलंय, हे ती मला त्या ठेच्याबरोबर सांगते. तासगावला बेदाणा निवडायची तेव्हा ह्याच हाताला कोण विचारत नव्हतं. आता मालक फळ उचलून आधी तिच्याकडं बघतात. आबांना, म्हणजे मामाला, माझं मी लिहिते, असंही म्हणाली.

आता माझी पंचाईत बघ. काम सोडलं तर मामा बायको घेऊन जाईल ही भीती होती, तोवर सगळं सरळ होतं. आता बायको हितंच राहणार आणि मी सोडलं तर मीच एकटा जाणार. जायचं स्वातंत्र्य मिळालं आणि जायची चवच गेली. तरी ट्रक डोळ्यांपुढनं हलत नाही. तो परवा गुरुवारी निघतोय. काय करू ते लगेच लिही. म्हणजे तुझं पत्र येईपर्यंत ट्रक गेलेला असेल, पण लिही.

जीव आहे तिथपर्यंत तुझाच,
धनाजी


वरूड
ता. ८ नोव्हेंबर

ती. आबांस,
स्वप्नालीचा शि. सा. न. वि. वि.

आबा, माझं पत्र बघून लगेच आईला हाका मारू नका. आधी शेवटपर्यंत वाचा.

तुमची अट अशी होती की ह्यांनी हे काम सोडलं तर मला परत यायचं. ही अट घालताना तुम्ही ह्यांना विचारलं, आत्याला विचारलं, पारावरच्या माणसांनासुद्धा विचारलं. मला विचारलं नाही. म्हणून आता न विचारता सांगते. मी येणार नाही. मी हितं शेडात माल निवडते. माझ्या हाताखाली बाया आहेत, त्या मला सांगलीची बाई म्हणतात आणि मी बोलले की हसतात, पण मी बाजूला काढलेलं फळ पुन्हा पेटीत टाकायची कुणाची छाती नाही. हे काम माझं आहे. हे मी सोडणार नाही.

ह्यांचं मी सांगत नाही. ह्यांचे पाय कसे आहेत ते तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही लग्न लावलंत, कारण भाचा होता. कधी तिकडं एकटे आले तर पोल्ट्रीत ठेवून घ्या. कोंबड्यांना घाबरतात, तेवढं सांभाळा. बाज आहेच म्हणे.

तुम्ही बघायला येणार असं आई म्हणत होती. जरूर या. रुख्मिणीबाईंना मी सांगितलंय की माझे आबा येऊन राहिले, तर त्यांनी आतापासूनच विचारलं की भाकरी बाजरीची करू का ज्वारीची. त्यांचं तसं असतं, तुम्ही आलात की कळेल. माझ्या बोलण्यावरनं काही भलतं समजू नका. किती दिवसांसाठी येताय ते मात्र साफ लिहा, आकड्यात लिहा, त्याप्रमाणे अंथरूण मागते. ह्या घरात त्या बाबतीत आता फार जपून वागावं लागतं.

ट्रक काल सकाळी गेला. हे फाटकापाशी उभं राहून बघत होते, मी शेडातनं बघत होते. ट्रक वळणावरनं दिसेनासा झाला तेव्हा हे माघारी फिरले आणि माझ्यापाशी येऊन पेट्यांना खिळे ठोकायला लागले. दुपारपर्यंत इतक्या जोरानं ठोकत होते, की नत्थुजींना शेवटी सांगावं लागलं, बापा, पेटी उघडाले बी लागते.

आईला आणि आत्याला नमस्कार. राग आला तरी तो तिथंच ठेवून या, गाडीत जागा कमी असते.

तुमची लेक,
स्वप्नाली